आठ लाखांत किती कोअर? संशोधनासाठी मशीन, तीन कोटेशन आणि एक गोंधळ

अंबाझरीकाठ
नमस्कार मंडळी. एका संशोधन गटासाठी मशीन घ्यायचं आहे. बजेट जीएसटी, यूपीएस धरून आठ लाख. काम दोन प्रकारचं: डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या प्रोग्रामवर विदर्भाचं पावसाचं मॉडेल (सर्वांत आतला आणि लहान डोमेन, म्हणजे नकाशाचा चौकोन, १५१ × १५१ बिंदू, दोन बिंदूंत ३ किमी) आणि क्वांटम एस्प्रेसो या प्रोग्रामवर डीएफटी, म्हणजे पदार्थांच्या इलेक्ट्रॉन-रचनेची गणितं. समोर तीन पर्याय आहेत.

अ) रायझन ९९५०एक्स प्रोसेसरचे तीन डेस्कटॉप, म्हणजे ४८ कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एक स्वतंत्र गणनभाग).
ब) एपिक ९३५५पीचा एक सर्व्हर, ३२ कोअर.
क) जुने दुहेरी झिऑन ई५-२६८० व्ही४ सर्व्हर. विक्रेता म्हणतो एकात "५६ कोअर", आणि आठ लाखांत असे बरेच बसतील.

कोअरमागे भाव काढला तर क सगळ्यांत स्वस्त आणि ब सगळ्यांत महाग. मग लोक ब का घेतात? रुपयातले आकडे मुद्दाम देत नाही. रॅमच्या भावामुळे कोटेशन आठवडाभरही टिकत नाही.

उगाच_एक
कोअर जास्त म्हणजे काम जास्त असतं, तर हिवाळी अधिवेशनात कोअर कमिट्यांनी विदर्भाचा अनुशेष कधीच भरून काढला असता.

कोअर_कमिटी
@उगाच_एक माझ्या नावाला हात लावू नका. :)

@अंबाझरीकाठ, आधी क मधली गफलत. ई५-२६८० व्ही४ मध्ये १४ कोअर असतात. दोन सॉकेटचे, म्हणजे दोन प्रोसेसरचे, २८. "५६" हे थ्रेड आहेत, म्हणजे एका कोअरचे दोन आभासी भाग धरून केलेली मोजणी. एमपीआयच्या कामात (काम तुकड्यांत वाटून एकाच वेळी चालवणं; एक तुकडा चालवणारी प्रक्रिया म्हणजे रँक) एका कोअरवर दोन रँक बसवले तर वेग दुप्पट होत नाही, दोघे एकाच गणनयंत्रणेसाठी आणि एकाच कॅशेसाठी (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) भांडतात. बऱ्याचदा वेळ उलट वाढतो. मोजायचं तर खरे कोअर मोजा.

बँडविड्थ_बुवा
कोअरमागे भाव हे मोजमापच तुमच्या कामाला चुकीचं आहे. डब्ल्यूआरएफ हा मेमरीचा भुकेला प्रोग्राम. कोअर गणित झटक्यात उरकतो आणि मग पुढचे आकडे रॅममधून यायची वाट बघत बसतो. म्हणून दर कोअरला मेमरीची किती बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा, मिळते ते बघा. हिशोब सोपा आहे: चॅनल (रॅमपर्यंतच्या समांतर वाटा) × मेगाट्रान्सफर (रॅमचा वेग) × ८ बाइट.

रायझन ९९५०एक्स: २ चॅनल, डीडीआर५-५६०० = ८९.६ जीबी/सेकंद. १६ कोअरनी भागा, ५.६.
थ्रेडरिपर ७९६०एक्स: ४ चॅनल, ५२०० = १६६.४. २४ कोअर, ६.९.
थ्रेडरिपर ७९८०एक्स: चॅनल तेच चार, पण कोअर ६४. दर कोअरला २.६.
एपिक ९६५४: १२ चॅनल, ४८०० = ४६०.८. ९६ कोअर, ४.८.
एपिक ९३५५पी: १२ चॅनल, ६००० = ५७६. ३२ कोअर, म्हणजे १८.

आता बाजारात आले तेव्हाचे डॉलरमधले भाव बघा. ९९५०एक्स ६४९, म्हणजे कोअरमागे सुमारे ४१. ७९८०एक्स ४९९९, कोअरमागे ७८. ९३५५पी २९९८, कोअरमागे ९४. ९६५४ ११,८०५, कोअरमागे १२३. ९३५५पी कोअरला महाग आहे खरा, पण बँडविड्थच्या हिशोबात तो रायझनच्या पुढे जातो: डॉलरमागे रायझन ०.१४ जीबी/सेकंद देतो, हा ०.१९. आणि हे फक्त प्रोसेसरचं झालं. तीन डेस्कटॉपना तीन बोर्ड, तीन पॉवर सप्लाय, तीन एसएसडी, तीन कॅबिनेट लागतात ते वेगळंच.

हे सगळे आकडे कागदावरचे आहेत. प्रत्यक्ष ७५–८५ टक्के हाती लागतात.

समांतर
बुवांशी अर्धा सहमत. डीएफटीत के-पॉइंट (स्फटिकाच्या गणितातले नमुना-बिंदू) भरपूर असतील तर तीन डेस्कटॉप वाईट नाहीत. क्वांटम एस्प्रेसोत के-पॉइंटचे गट (पूल) पाडले की गटागटांत बोलणं फार कमी होतं. आणि वेगवेगळ्या रचनांची २०–३० स्वतंत्र गणितं चालवायची असतील तर तीन मशीन म्हणजे तीन स्वतंत्र रांगा. एक बंद पडलं तर दोन चालू राहतात. एकच सर्व्हर असेल आणि त्याचा बोर्ड गेला तर बदली बोर्ड येईपर्यंत सगळेच हातावर हात ठेवून.

पण एकच डब्ल्यूआरएफ रन तीन डेस्कटॉपवर पसरवायचा विचार असेल तर विसरा. गिगाबिट नेटवर्कवर ११८ एमबी/सेकंदाच्या वर जात नाही आणि प्रत्येक टाइमस्टेपला (मॉडेल वेळेत पुढे टाकतं ती एक पायरी) शेजारच्या तुकड्यांशी देवाणघेवाण असते. त्यासाठी इन्फिनिबँड, म्हणजे खास वेगवान नेटवर्क, हवं. दोनच मशीन असतील तर जुनी कनेक्टएक्स-३ कार्डं आणि थेट जोडणारी डॅक केबल घेऊन स्विचशिवाय काम भागतं, फक्त एका मशीनवर ओपनएसएम (ते नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) चालू ठेवावं लागतं. निर्मात्याच्या नव्या ड्रायव्हर-संचात हे कार्ड नाही, लिनक्स कर्नेलमधलाच ड्रायव्हर वापरा.

तर्री_ज्यादा
काहून एवढे लफडे करून राहिले बाप्पा? इंटेलची १४९००के घ्या ना. २४ कोअर, बर्डीच्या बाजारात कुठंही भेटते.

कोअर_कमिटी
@तर्री_ज्यादा भाऊ, ते २४ म्हणजे ८ वेगवान आणि १६ सावकाश. एमपीआयमध्ये सगळ्या रँकना सारखा वाटा मिळतो, वेगवान ८ आपलं काम संपवून सावकाश १६ ची वाट बघतात. पंगतीत आठ जणांचं जेवण झालं तरी बाकीचे उठेपर्यंत हात धुता येत नाहीत, तसं. म्हणजे पूर्ण मशीन सावकाश कोअरच्या चालीनं चालतं. शिवाय त्यात एव्हीएक्स-५१२ (एका झटक्यात अनेक आकड्यांवर क्रिया करायची सोय) नाही. आणि १३व्या-१४व्या पिढीत व्होल्टेजमुळे चिप कायमची अस्थिर होण्याचा प्रकार होता. इंटेलनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (चिप कशी चालावी ते ठरवणारं तिच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला. आधीच खराब झालेली चिप मायक्रोकोडनं सुधारत नाही. वापरलेली १४९००के म्हणूनच नको.

९९५०एक्स३डी बद्दलही तेच सांगून ठेवतो: जादा कॅशे १६ पैकी ८ कोअरनाच आहे.

तर्री_ज्यादा
मग खेळायले घेतो मी. तुमचं तुमी पाहा.

बर्डीवाला
अ घेणाऱ्यांसाठी एक सूचना. एएम५ बोर्डावर (रायझनच्या सॉकेटचा बोर्ड) चार स्लॉट असतात म्हणून रॅमच्या चार स्टिक लावू नका. चार लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो, म्हणजे बुवांचे ८९.६ सरळ ५७.६ होतात. दोनच स्टिक घ्या, ४८ जीबीच्या दोन म्हणजे ९६ जीबी.

ईसीसीचं, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडण्याचं, पण बघा. "डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच" असं दुकानात सांगतात. ते चिपच्या आतलं आहे; चिपमधून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट उलटला तर ते पकडत नाही. खरं ईसीसी हवं तर ईसीसी यूडिम (डेस्कटॉपची रॅम) आणि ते चालवणारा बोर्ड लागतो. आरडिम (सर्व्हरची रॅम) एएम५ मध्ये चालत नाही, आणि यूडिम एपिक किंवा थ्रेडरिपर ७००० मध्ये चालत नाही.

क बद्दल: भाव कमी आहे, पण ती पिढी २०१६ ची. आणि कुणी वापरलेला एपिक स्वस्तात देत असेल तर आधी विचारा की तो कोणत्या कंपनीच्या सर्व्हरमधून काढला. काही सर्व्हर-कंपन्या पहिल्यांदा चालू करतानाच प्रोसेसर आपल्या बोर्डाशी कायमचा बांधून टाकतात. तो दुसऱ्या बोर्डात टाकला तर मशीन सुरूच होत नाही, आणि ते सोडवायला उपाय नाही. "आमच्या बोर्डावर चालवून दाखवा, मग पैसे" एवढीच अट घाला.

बँडविड्थ_बुवा
क ची बाजू घेणारं कुणी नाही म्हणून मीच घेतो. दोन सॉकेट × ४ चॅनल × २४०० = १५३.६ जीबी/सेकंद. म्हणजे निव्वळ बँडविड्थमध्ये हा दहा वर्षं जुना डबा नव्या ९९५०एक्सच्या पुढे आहे! गणिताच्या वेगात मात्र मार खातो: एका टिकटिकीत डबल प्रिसिजनच्या १६ क्रिया, झेन ५ च्या (९९५०एक्सची पिढी) ३२, आणि टिकटिकही जवळजवळ अर्ध्या गतीची. डब्ल्यूआरएफ शिकवायला, विद्यार्थ्यांना रांग कशी लावायची ते दाखवायला क उत्तम. प्रबंधाची गणितं चार वर्षं चालवायला नको, कारण वीज.

नवतपा
वीज आलीच आहे तर हिशोब मांडतो. दर १० रुपये युनिट धरतो, तुमचा बिलावरून बघून बदलून घ्या.

ब: सर्व्हर भारावर ४५० वॅट धरा. एसी त्यातली उष्णता काढायला साधारण तिसरा हिस्सा खातो, म्हणजे १५०. एकूण ६०० वॅट. वर्षाला ५,२५६ युनिट, ५२,५६० रुपये. चार वर्षांत दोन लाख दहा हजार.

अ: तीन × २५० = ७५०, एसीसह १००० वॅट. वर्षाला ८,७६० युनिट, ८७,६०० रुपये. चार वर्षांत साडेतीन लाख.

फरक एक लाख चाळीस हजारांचा. यातून ब च्या महागपणातला बराच भाग सुटतो. मशीन वर्षभर पूर्ण भारावर नसेल तर त्या प्रमाणात कमी करा.

उगाच_एक
पण लाइट बिल संस्थेच्या खात्यातून जातं आणि मशीन प्रोजेक्टच्या. त्यामुळे चार वर्षांचा खर्च कुणीच बघत नाही. जय हो.

तर्री_ज्यादा
एसी कायले पाहिजे? कूलर लावा की. मे महिन्यात आपल्या इथली हवा एवढी कोरडी असते की कूलरच एसीवाणी गार करते.

नवतपा
@तर्री_ज्यादा मे महिन्यापुरतं तुमचं खरं आहे, कोरड्या हवेत कूलर खोली २८–३० पर्यंत आणतो. पण तीन अडचणी. एक, समोरची खिडकी उघडी ठेवून हवा बाहेर काढावी लागते, आणि त्याच खिडकीतून धूळ येते. दोन, बोअरचं पाणी जड. हवेसोबत जाणारे बारीक थेंब वाळले की बोर्डावर क्षाराचा पांढरा थर. तीन, मृग लागला की कूलर फक्त दमटपणा वाढवतो. वर्षातले नऊ महिने दुसरी सोय लागणारच असेल तर ती आधीच करा.

ज्यांच्याकडे एसी नाहीच, त्यांनी रायझन इको मोडवर (कमी विजेवर चालवायची सोय) टाकावा. प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश. खोली २५ असेल तर कूलिंगच्या हाती ७० अंशांचा फरक असतो, खोली ४५ असेल तर ५०. म्हणजे तोच हीटसिंक ७१ टक्केच उष्णता काढू शकतो. ९९५०एक्स मोकळा सोडला तर २३० वॅटपर्यंत जातो, त्याचे ७१ टक्के १६३. १०५ वॅटच्या इको मोडमध्ये सॉकेटची मर्यादा १४२ वॅट, म्हणजे बसतं. मेमरीवर अडलेल्या कामात वेग फारसा कमी होत नाही, कारण कोअर तसेही वाट बघत बसलेले असतात.

एसी घेतलात तर एक चोवीस तास पिटाळू नका. दोन घ्या आणि टायमरवर आलटून पालटून चालवा. ४५० वॅटला एका टनाचाही सातवा-आठवा हिस्सा लागतो (एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट), बाकी सगळं छताच्या आणि भिंतीच्या तापण्यासाठी. मशीन वरच्या मजल्यावर ठेवू नका.

यूपीएस ऑनलाइनच. ०.८ पॉवर फॅक्टरचा १ केव्हीए म्हणजे ८०० वॅट, ब ला पुरतो. अ ला २ केव्हीए. बॅटरी एसीच्या खोलीत ठेवा. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना सीलबंद बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. जिन्याखाली ठेवलेली बॅटरी नागपुरात दुसरा उन्हाळा बघत नाही.

मार्चअखेर
खरेदीची बाजू. जुन्या फायलीतला ५ टक्के जीएसटी बघून बजेट आखू नका, संशोधन संस्थांची ती सवलत जुलै २०२२ मध्ये गेली. आता १८ टक्के.

जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर टाकताना "३२ कोअर, १२८ जीबी रॅम" एवढंच लिहिलंत तर एल-१ (सर्वांत कमी भावाचा) येणारा ६४ जीबीच्या दोन स्टिक लावून देतो. कागदावर १२८ बरोबर, पण बारापैकी दोनच चॅनल चालू, ५७६ ऐवजी ९६ जीबी/सेकंद. म्हणजे सर्व्हरच्या पैशात डेस्कटॉप. स्पेसिफिकेशनमध्ये लिहा: प्रोसेसरच्या प्रत्येक मेमरी चॅनलमध्ये एक आरडिम, सर्व सारख्या पार्ट नंबरच्या, वेग इतका. बोर्डाची आवृत्ती आणि बायोस एपिकच्या ९००५ मालिकेला (९३५५पी त्यातलाच) चालणारे आहेत असं लेखी घ्या. एसपी५ या सॉकेटचे जुने बोर्ड आधीच्या ९००४ मालिकेसाठीचे असतात, सॉकेट तेच दिसतं.

१यू (चपटा) रॅक सर्व्हर माथी मारू देऊ नका. त्याचे ४० मिमीचे पंखे माणसं बसतात त्या खोलीत सहन होत नाहीत. टॉवर किंवा ४यू, मोठे पंखे.

फुटाळा_संध्याकाळ
क्लाउडचं कुणीच बोललं नाही. मुंबई आणि हैदराबाद दोन्हीकडे ॲमेझॉनची केंद्रं आहेत. वर्षातून दोनच महिने पावसाळी रन करायचे असतील तर यंत्र घ्यायचंच कशाला?

समांतर
@फुटाळा_संध्याकाळ प्रश्न रास्त. वर्षात २० टक्के वापर म्हणजे १,७५२ तास, तिथे भाडं बहुधा जिंकतं. ६०–७० टक्क्यांना स्वतःचं. मात्र "३२ व्हीसीपीयू" म्हणजे बहुतेक ठिकाणी १६ कोअर, कारण ते थ्रेड मोजतात. ॲमेझॉनच्या एम७ए सारख्या काही प्रकारांत व्हीसीपीयू म्हणजे खरा कोअर. आणि डब्ल्यूआरएफचे निकाल बाहेर काढायचे पैसे वेगळे लागतात, तासागणिक फायली लिहिल्या तर ते झोंबतं. निकालावरची प्रक्रिया तिथेच करून फक्त नकाशे आणि सारांश उतरवा.

शेकडो कोअरची गरज कधीमधीच असेल तर राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखालच्या परम यंत्रांवर वेळ मागा. रांगेत थांबायची तयारी हवी.

पण मूळ प्रश्नाचं उत्तर @अंबाझरीकाठ यांनी पहिल्याच पोस्टमध्ये दिलंय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही: १५१ × १५१. डब्ल्यूआरएफचा नियम असा की सर्वांत लहान डोमेनच्या दोन्ही बाजू २५ नी भागून गुणाकार करा, त्याहून जास्त प्रोसेसर (इथे कोअर) वापरू नका. १५१/२५ म्हणजे ६.०४, त्याचा वर्ग ३६. त्यापुढे तुकडे इतके लहान होतात की गणितापेक्षा शेजाऱ्याशी बोलण्यातच वेळ जातो. म्हणजे ९६ कोअरचं मशीन फुकट दिलं तरी या डोमेनला ३६ च्या पुढे विशेष उपयोग नाही. ३२ तुमच्यासाठी बेतून शिवल्यासारखा आहे.

बँडविड्थ_बुवा
@समांतर वा! हे सुटलंच होतं. जोडीला: जाळी ३ वरून १ किमीवर न्यायचा मोह झाला तर तेवढ्याच प्रदेशाला ९ पट बिंदू आणि टाइमस्टेप तिसरा हिस्सा (३ किमीला १८ सेकंद, १ किमीला ६), म्हणजे २७ पट काम. ते आठ लाखांच्या कुठल्याच मशीननं सुटत नाही.

अंबाझरीकाठ
सगळ्यांचे आभार. ब घ्यायचं जवळपास ठरलं. अडचण एकच, १६ जीबीच्या बारा आरडिम आणि यूपीएस मिळून बजेटच्या थोडं वर जातं. सहाच लावून बाकी पुढच्या वर्षी घेतल्या तर?

कोअर_कमिटी
सहापेक्षा आठ लावा. ८ × ४८ (एका चॅनलचे) = ३८४ जीबी/सेकंद, दर कोअरला १२, म्हणजे रायझनच्या दुपटीहून जास्त. १२८ जीबी होतात, कोअरला ४ जीबी. डब्ल्यूआरएफला पुरे, डीएफटीत मोठा सुपरसेल (स्फटिकाचा मोठा तुकडा) घेतलात तर कमी पडेल. कुठले आठ स्लॉट ते बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, मनानं लावू नका. एनपीएस ४ (प्रोसेसर आणि मेमरी चार भागांत वाटायची बायोसमधली सोय) आठ स्टिकवरही चालतो, चारही भागांत दोन-दोन येतात.

मार्चअखेर
उरलेल्या चार स्टिकचा पार्ट नंबर आत्ताच्या ऑर्डरमध्ये लिहून ठेवा. वर्षानं तोच मिळेल याची खात्री नाही, म्हणून जमलं तर मार्चच्या आत उरलेल्या निधीतून घ्या. यूसी (निधी वापरल्याचा दाखला) देताना बरंही पडेल.

बर्डीवाला
आणि इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही करायच्या आधी स्ट्रीम ही मेमरीचा वेग मोजणारी चाचणी चालवा. ॲरे एल३ कॅशेच्या चौपट तरी मोठा ठेवा, इथे कॅशे २५६ एमबी आहे म्हणजे प्रत्येक ॲरे किमान १ जीबीचा. आठ स्टिकवर ट्रायड (त्या चाचणीतला एक आकडा) ३०० जीबी/सेकंदच्या आसपास यायला हवा. ९० दिसला तर स्टिक चुकीच्या स्लॉटमध्ये आहेत किंवा कमी आहेत, माणसाला जाऊ देऊ नका.

अंबाझरीकाठ
आठ स्टिक, तळमजला, स्ट्रीमची अट कोटेशनमध्येच घालतो. बोर्डाच्या आवृत्तीचं पत्र आजच मागितलं.

तर्री_ज्यादा
अन् त्या जुन्या डब्यायचं का झालं? विक्रेत्याले सांगा एक मले पाठवजो. हिवाळ्यात हीटर म्हणून लावतो.

नवतपा
@तर्री_ज्यादा ३५० वॅटचा हीटर, बाजारातला छोटा ४०० चा येतो. त्यात डब्ल्यूआरएफ चालत नाही एवढंच.